साहेबांनी दिलेलं पाकीट आणि देवाचं राज्य

पत्र: ताई, ख्रिस्तात सलाम. मी मूळचा राहुरीकडचा, वय 31, रांजणगाव एमआयडीसीत एका कंपनीत परचेसला आहे. पॅकिंगचे बॉक्स आम्ही एकाच पार्टीकडून घेतो, महिन्याला साधारण सहा लाखांचं बिल होतं. त्यातले दोन टक्के आमचे साहेब घेतात, हे डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांना माहितीये. नियमाप्रमाणे तीन कोटेशन लागतात, त्यातली दोन तीच पार्टी दुसऱ्यांच्या लेटरहेडवर आणून देते आणि तिन्ही रेटची तुलना दाखवणाऱ्या कम्पॅरिजन शीटवर सही माझी असते. या दिवाळीत साहेबांनी पहिल्यांदाच मला दहा हजारांचं पाकीट दिलं, ते अजून कपाटात तसंच आहे. बायको म्हणते परत करा. आई म्हणते वेडेपणा करू नको, मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे. थोरला भाऊ म्हणतो देवाचं राज्य वर गेल्यावर, इथं इथल्यासारखंच राहावं लागतं. चर्चच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारलं तर म्हणाले देवासाठी दशांश, म्हणजे दहावा भाग, काढ आणि बाकीचं वापर, देव मन बघतो. आणि ताई, साहेब माणूस वाईट नाहीत हो, बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनीच धावपळ करून मला ॲडव्हान्स मिळवून दिला होता. देवाच्या राज्याप्रमाणे जगायचं असं आपण दर रविवारी ऐकतो, पण सोमवारी ऑफिसात नक्की काय करायचं? साहेबांसाठी प्रार्थना करू की त्यांची तक्रार करू?

उत्तर: भाऊ, सलाम. ताई म्हणालास म्हणून अरेतुरेच करते.

पाकीट परत कर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरंच काही लिहिणार आहे आणि त्यात हे कुठं हरवायला नको. पण खरं सांगू का, तुझं पत्र वाचताना मला पाकिटापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त टोचली. पाकिटाबद्दल तू किती लिहिलंयस, आई काय म्हणाली, भाऊ काय म्हणाला, ते कपाटात कसं पडलंय, आणि सहीबद्दल फक्त अर्धी ओळ. अरे भाऊ, पाकीट दिवाळीत आलं, सही तर तू आधीपासून करतोयस ना. पाकीट परत केलंस आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच खोट्या शीटवर सही केलीस तर काय बदललं? तुझे दहा हजार गेले एवढंच, साहेबांचे दोन टक्के चालूच राहिले आणि ते चालू राहायला लागणारा कागद तूच तयार करून दिलास. तेव्हा पाकीट आणि सही या दोन्हींबद्दल बोलू.

आधी हे दोन टक्के येतात कुठून ते बघू, कारण मला वाटतं सगळं तिथंच आहे. सहा लाखांचे दोन टक्के म्हणजे महिन्याला बारा हजार, वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. पार्टी हे पैसे स्वतःच्या खिशातून देत नाही, कुठूनतरी काढते. एक तर बॉक्सचा रेट वाढवते, आणि दुसरं खरं कोटेशन येतच नाही म्हटल्यावर तो वाढलेला कुणाला दिसत पण नाही. नाहीतर कागद हलका लावते. तू परचेसला आहेस, तुला माहितीये, ऑर्डर 150 जीएसएमची, म्हणजे तेवढ्या वजनाच्या कागदाची, असते आणि माल 120 चा येतो, वरून बॉक्स तसाच दिसतो, प्रिंटिंग तेच, साइज तीच. मग तो बॉक्स ट्रकमध्ये सात थरांच्या खाली जातो, दबतो, माल डॅमेज होतो आणि डिस्पॅचला बोंबाबोंब सुरू होते की लोडिंगच्या पोरांनी आपटलं म्हणून. त्या पोरांचे पैसे कापले जातात किंवा कॉन्ट्रॅक्टर त्यातल्या एकाला उद्यापासून येऊ नको म्हणतो. त्याला बिचाऱ्याला जीएसएम म्हणजे काय हे पण माहीत नसतं.

आणि तिसरा मार्ग म्हणजे पार्टी स्वतःच्या शेडमधल्या लोकांचे पैसे दाबते. आमच्या मंडळीतली एक बाई भोसरीला अशाच बॉक्सच्या शेडमध्ये कामाला आहे. दिवसभर उभ्यानं काम, पीसवर पैसे, गमचा वास कपड्यांना इतका चिकटतो की उपासनेला शेजारी बसली तरी येतो, आणि कागदाच्या धारेनं बोटं अशी चिरलेली असतात की प्रभुभोजनाला हात पुढे करते तेव्हा तिची बोटं बघून मला कसंतरी होतं. तिच्या मालकानं दोन वर्षं रेट वाढवलेला नाही, म्हणतो मार्जिनच राहत नाही. तिचा मालक कुणाला काय देतो हे मला माहीत नाही आणि मी त्याच्यावर आरोप पण करत नाही. पण तुझ्या कपाटातलं पाकीट बघशील तेव्हा अशी एखादी बाई डोळ्यांसमोर आण एवढंच म्हणते.

आता देवाच्या राज्याबद्दल. मला बायबल वाचताना नेहमी असं दिसतं की देवाचा हिशोब त्या माणसापासून सुरू होतो जो त्या वेळी खोलीत नसतो. तू, साहेब आणि पार्टी, खोलीत तुम्ही तिघंच, आणि तिघंही खूश, मग वाटतं यात कुणाचं काय गेलं? पण बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात मोशे सांगतो ना की थैलीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन वजनं ठेवू नको, तर ते कुणासाठी सांगितलंय? ज्याला वजनातला फरक कळत नाही आणि कळला तरी भांडायची ताकद नाही त्याच्यासाठी. हलक्या कागदाचा बॉक्स म्हणजे तेच लहान वजन झालं. म्हणून मला लाचेचा प्रश्न नुसता माझं मन शुद्ध राहिलं का एवढ्यापुरता वाटतच नाही. आपल्याकडे पुष्कळ जण पवित्र राहायचं म्हणजे आपले हात स्वच्छ ठेवायचे इथंच थांबतात, हात स्वच्छ राहिले, प्रार्थना झाली, संपलं. त्या लोडिंगच्या पोराचे कापलेले पैसे त्यात कुठंच येत नाहीत.

तुझ्या थोरल्या भावाला माझा सलाम सांग आणि विचार की रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना तो कुठल्या ओळीला गप्प बसतो? कारण तिच्यात स्पष्ट आहे, तुझे राज्य येवो, जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही. पृथ्वीवर म्हणजे रांजणगाव पण आलंच. आणि जक्कयाची गोष्ट त्यानं शब्बाथ शाळेत शंभर वेळा ऐकली असेल, येशूला बघायला झाडावर चढलेला बुटका, श्रीमंत जकातदार, चित्रात रंग पण भरले असतील आपण सगळ्यांनी. पण झाडावरून उतरल्यावर तो काय म्हणाला? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायानं घेतलं असेल त्याला चौपट परत करतो. आणि मग येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं आहे. आज म्हणाला, मेल्यावर म्हणाला नाही. तारणाची गोष्ट आणि पैसे परत देण्याची गोष्ट लूकनं त्याच्या शुभवर्तमानात एकाच भेटीत मांडलीये, आपणच ती तोडून एक रविवारला ठेवली आणि एक सोमवारला विसरलो.

पण म्हणून उद्या राजीनामा देऊन मोकळा होऊ नको. मंडळीत हे पण चालतं, कुणीतरी जोशात साक्ष देतो की मी जगाची नोकरी सोडली आणि सगळे हालेलूया म्हणतात आणि घरी बायको किराणा कसा भरायचा या काळजीत. तू नगरकडचा, ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव तुझ्या घरात ऐकलं असशीलच, भजनांमुळे तरी. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले सगळे येशूचे शिष्य म्हणून एकत्र यावेत असं त्यांना वाटत होतं, आणि मग 1919 च्या मे महिन्यात ते गेलेच. मला त्या धाडसाबद्दल फार आदर आहे. पण ते त्यांचं पाचारण होतं. तुझं काय आहे ते बघायला मी लूकचा तिसरा अध्याय काढीन. यार्देन नदीवर बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे जकातदार येतात आणि विचारतात, गुरुजी, आम्ही काय करावं? अगदी तुझाच प्रश्न. आणि जकातदार म्हणजे त्या काळातलं सगळ्यात बदनाम डिपार्टमेंट. योहान त्यांना नोकरी सोडा म्हणत नाही, तो म्हणतो ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात तर त्यांना म्हणतो कुणाला धमकावून पैसे काढू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा. इतकं साधं उत्तर आहे की आपल्याला ते आध्यात्मिक वाटतच नाही. पण तिथंच राहायचं, त्याच टेबलावर, आणि टेबल सरळ चालवायचं, हे सोडून जाण्यापेक्षा पुष्कळदा जास्त कठीण असतं.

आणि तुझ्या कंपनीपासून फार लांब नाही ते केडगाव, दौंड तालुक्यातलं, एखाद्या सुट्टीच्या दिवशी बायकोला घेऊन जाऊन ये. पंडिता रमाबाईंनी तिथं मुक्ती मिशन उभं केलं, 1896-97 च्या दुष्काळात उपाशी मुलीबायकांना आणून ठेवलं, आणि त्यांना नुसतं गाणी-प्रार्थनेला बसवलं नाही, तिथं शेती होती, हातमाग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता आणि तो बायकाच चालवायच्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथंच छापलं गेलं. ज्या विधवांना जगानं टाकून दिलेलं त्यांनी छपाईचे खिळे जुळवले. काम कसं होतं, कुणासाठी होतं, त्यातनं कोण उभं राहिलं, हे सगळं त्यांच्यासाठी भक्तीतच येत होतं, आणि तुझी परचेस ऑर्डर पण मी त्यातच धरते.

आता ते वडीलधारे, दशांश काढ म्हणणारे. त्यांचा मान ठेवून सांगते, हा सल्ला चुकीचा आहे आणि मला तो वाचून वाईट वाटलं. येशूला पैसे घेऊन पकडून देणाऱ्या यहूदानं चांदीची नाणी मंदिरात फेकली तेव्हा ज्या मुख्य याजकांनी ते पैसे दिले होते तेच म्हणाले की हे रक्ताचं मोल आहे, हे दानकोशात टाकणं योग्य नाही. त्यांना सुद्धा एवढं कळत होतं, आणि आपण दशांश काढून बाकीचे नऊ हजार धुऊन घ्यायला निघालो. देव मन बघतो हे खरं, पण ते बघताना तो व्हाउचर बाजूला ठेवत नाही. आणि हा सल्ला एकट्या त्यांचा आहे असं पण नाही रे, आपल्या मंडळ्यांमध्ये पैशाबद्दल बोलायची सवयच गेलीये. दारू, तंबाखू, सिनेमा यावर संदेश होतात, पण कमिशनवर, खोट्या बिलावर, घरकामाच्या बाईला सुट्टीचे पैसे कापण्यावर शेवटचा संदेश कधी ऐकलास तू? चर्चच्या ट्रस्टच्या जागांवरून आपलेच लोक वर्षानुवर्षं कोर्टात उभे आहेत आणि रविवारी त्याच बाकांवर शेजारी बसून तुझे राज्य येवो म्हणतायत. मग तुझ्यासारख्या पोरानं कुणाला विचारायचं? म्हणून तू विचारलंस याचं मला फार बरं वाटलं.

आता नक्की कसं करायचं ते. पाकीट साहेबांनी दिलंय ना, मग साहेबांनाच परत दे, पार्टीला नको, नाहीतर साहेबांच्या पाठीमागे काहीतरी केलंस असं होईल. ऑफिसात सगळ्यांसमोर नको, चहाच्या टपरीवर नको, ते एकटे असतील तेव्हा केबिनमध्ये जा, दार लावून घे, आणि पाकीट टेबलावर ठेवून फक्त एवढं म्हण की सर, तुम्ही आठवणीनं दिलंत पण मला हे ठेवून घेणं जमत नाहीये, रात्री झोप लागत नाही. बस. वचन सांगू नको. मी ख्रिस्ती आहे म्हणून घेत नाही असं तर अजिबात म्हणू नको, त्याचा अर्थ समोरच्याला असा लागतो की तुम्ही ख्रिस्ती नाही म्हणून घेता. तुझ्याच कंपनीत कुणी हिंदू, मुसलमान, बौद्ध असतील ज्यांनी आयुष्यात एक रुपया घेतला नाही, त्यांच्याकडे बघ, त्यांच्याशी मैत्री कर, तुला तिथं त्यांचाच आधार होणार आहे. पुढं कधी साहेबांनी किंवा आणखी कुणी खरंच मनापासून विचारलं की तू असं का केलंस, तेव्हा सांग येशूबद्दल, पेत्र म्हणतो तसं सौम्यतेनं आणि आदरानं. विचारल्याशिवाय नको. आणि हो, कधी दिलंस, किती दिलंस, काय बोलणं झालं हे घरी आल्यावर तारीख घालून वहीत लिहून ठेव, उगाच संशयानं नाही पण उद्या कुणी काही म्हटलं तर तुला आठवायला पाहिजे.

सहीचं याहून अवघड आहे, कारण पाकीट एकदाच परत करायचं आणि सही दर महिन्याला येणार. इथं मला दानीएलाची पद्धत फार आवडते, पहिल्या अध्यायातली. बाबेलच्या राजाचं अन्न नको होतं त्याला, पण तो ताट ढकलून बसला नाही, मोठ्या अधिकाऱ्याकडे गेला, त्याची अडचण ऐकली, अधिकारी म्हणाला तुझं तोंड उतरलेलं दिसलं तर राजा माझं डोकं उडवील, तेव्हा दानीएल त्यानं नेमलेल्या कारभाऱ्याला म्हणाला दहा दिवस भाजीपाला देऊन बघा आणि मग ठरवा. म्हणजे नाही म्हणताना त्यानं समोरच्याच्या हातात काहीतरी दिलं. तू पण तसंच कर. साहेबांना सांग की सर, या वेळची कोटेशन मी काढतो, चाकण, भोसरी, सुपा इथल्या पार्ट्यांना मी स्वतः मेल टाकतो, आणि माल आला की जीएसएम आणि बर्स्टिंग टेस्ट, म्हणजे कागद फाटेपर्यंत किती दाब सोसतो ते, क्वालिटीकडून करून घेतो, डिस्पॅचच्या कम्प्लेंट कमी होतील. काम वाढेल तुझं, संध्याकाळी उशीर होईल, चालेल. सरळ माणूस जर कामात ढिला असेल तर त्याच्या सरळपणाला कुणी विचारत नाही, शीट वेळेवर गेली पाहिजे, फॉलोअप झाला पाहिजे, स्टोअरला माल कमी पडता कामा नये.

आणि तरी साहेब म्हणाले की नाही, याच शीटवर कर, तर त्या दिवशी तुला म्हणावं लागेल की सर, यावर माझी सही नको. आवाज चढवायचा नाही, पण नाही म्हणजे नाही, तुमचे बोलणे होय तर होय, नाही तर नाही असावे हे प्रभूचंच सांगणं आहे. हे मी जगाच्या दृष्टीनं पण सांगते, उद्या इंटर्नल ऑडिटवाल्यानं दोन लेटरहेडवर एकच मोबाईल नंबर पकडला ना, तर शीटवर नाव कुणाचं आहे तेवढंच बघतील, आणि साहेबांनी तोंडी काय सांगितलं त्याला काडीचा पुरावा नसेल. जुन्या शीट्सचं काय असं तुझ्या मनात येईल. त्या खोट्या होत्या आणि तू त्यावर सह्या केल्यास, हे देवापुढे नाव घेऊन कबूल कर, गोल गोल प्रार्थना नको. आणि कंपनीत कधी कुणी अधिकारानं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, मग त्यात आपलं नुकसान झालं तरी.

नुकसान होऊ शकतं. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ते वचन, पहिल्यानं त्याचं राज्य मिळवण्यास झटा म्हणजे ह्याही सर्व गोष्टी तुम्हाला मिळतील, हे आपल्याकडे कॅलेंडरवर छापून असं वापरतात जणू सरळ वागलास की प्रमोशन पक्कं. त्याच्या आधीच्या ओळी वाच. तिथं येशू कशाबद्दल बोलतोय? काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं. ह्या सर्व गोष्टी म्हणजे अन्न, पाणी आणि कपडे. फ्लॅट, गाडी, बहिणीच्या लग्नाचा हॉल याचा तिथं शब्द नाही. कदाचित तुझं इन्क्रिमेंट अडेल, तुला परचेसमधून उचलून स्टोअरला टाकतील, जेवायला बोलवायचं बंद करतील. त्याची तयारी आत्तापासून कर, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत एकही नवीन इएमआय घेऊ नको, बायोडेटा अपडेट करून ठेव, ओळखीत सांगून ठेव. सापांसारखं चतुर आणि कबुतरांसारखं निष्कपट असं दोन्ही सांगितलंय, एकच नाही.

आईवर रागावू नको. तिनं बाबांच्या आजारपणात घर कसं ओढलं असेल ते तुलाच माहीत, तिच्यासाठी दहा हजार म्हणजे पाप नाही, ते मंडपवाल्याचा ॲडव्हान्स आहे. तिला उपदेश केलास तर ती म्हणणार, मोठा आलाय धर्मपुढारी. त्यापेक्षा एका रात्री आई, बहीण, बायको सगळ्यांना घेऊन बस आणि लग्नाचा खर्च कागदावर मांड. आपल्या लग्नांमध्ये खर्च कुठं जातो बघ, चर्चमधल्या विधीला काहीच लागत नाही, पाळकसाहेबांना मानधन, फुलं, ऑर्गनवाला, संपलं. बाकी सगळं हळदीचा डीजे, दोन गाऊन, रिसेप्शनचं स्टेज, आणि सहाशे माणसं कारण त्यांनी आपल्याला बोलावलं होतं म्हणून आपण त्यांना. बहिणीलाच विचार तुला यातलं काय हवंय, मला वाटतं पोरगी तुझ्यापेक्षा जास्त समजूतदार निघेल. पाकिटाशिवाय लग्न होतं हे आईला कागदावर दिसलं की तिचा अर्धा विरोध तिथंच मावळेल, आणि उरलेला मावळला नाही तरी तिच्यावर माया कमी करू नको. बायको तुझ्या बाजूनं आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे, तिला तसं सांग तरी एकदा तोंडानं.

आता साहेब. त्यांनी बाबांच्या वेळी धावपळ केली हे तू लिहिलंस ते मला फार आवडलं, कारण पुष्कळ जण असं पत्र लिहिताना समोरच्याला सैतान करून टाकतात. माणूस चांगला असतो आणि दोन टक्के पण घेतो, असंच असतं बहुतेक ठिकाणी. त्यांचे उपकार आहेत तुझ्यावर, ते तू जन्मभर मान, त्यांच्या घरी अडचण आली तर रात्री दोन वाजता जा. पण उपकाराची फेड स्वतःच्या सहीनं करायची नसते, ती सही कंपनीची आहे आणि त्या लोडिंगच्या पोरांची आहे, ती तू साहेबांना भेट म्हणून देऊ शकत नाहीस. मला तर वाटतं, साहेबांवर खरं प्रेम असेल तर त्यांना खोट्या कागदाशिवाय काम करायची एक संधी तूच देऊ शकतोस, दुसरं कुणी देणार नाही, बाकी सगळे एक तर त्यांच्यासोबत खातायत नाहीतर त्यांची खुर्ची कधी जाते याची वाट बघतायत.

प्रार्थना करू की तक्रार, असं विचारलंस. प्रार्थना आजपासून कर, नाव घेऊन, त्यांच्या बायकोमुलांची पण नावं घेऊन. आणि ती पळवाट म्हणून करू नको, म्हणजे प्रार्थना केली आता माझं काम संपलं असं नको. तक्रार आज नको. आधी पाकीट परत, मग खरी कोटेशन, मग गरज पडली तर सहीला नकार, एवढं होऊ दे. मत्तयाच्या अठराव्यात प्रभूनं भावाचा अपराध सांगायचा क्रमच दिलाय, आधी तू आणि तो एकांतात, मग आणखी एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला. ते मंडळीतल्या भावांसाठी आहे हे मला कळतं, पण क्रम शहाणपणाचा आहे, ऑफिसात पण चालतो. एवढं करूनही तेच चालू राहिलं, किंवा हलक्या बॉक्समुळे कुणाला इजा होतीये, कुणाची नोकरी जातीये असं दिसलं, तर मग मात्र गप्प बसणं म्हणजे प्रेम नाही. तेव्हा कंपनीची पॉलिसी काढून वाच, तुमची कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असेल तर 2013 च्या कंपनी कायद्यानं अशी तक्रार करायची सोय ठेवणं आणि तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ न देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथं फक्त जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच लिही, ऐकीव काही नाही, निनावी व्हॉट्सॲप तर अजिबात नको. आणि त्याआधी एकदा साहेबांना तोंडावर सांग की सर, मला आता हे वर कळवावं लागेल.

हे सगळं एकट्यानं करू नको एवढी माझी विनंती आहे. त्या वडीलधाऱ्यांना सोड, पण मंडळीत तुझ्या वयाचे दोघं-तिघं असतीलच जे कुठं ना कुठं कंपनीत, बँकेत, तहसील कचेरीत कामाला आहेत आणि हेच सगळं गिळून रविवारी येऊन बसतात. त्यांना घरी बोलाव. प्रार्थनासभा असं नाव पण देऊ नको, चहाला बोलाव, आणि तुझं पाकिटाचं तू आधी सांग, ते पण बोलायला लागतील बघ. पाळकसाहेबांना नंतर सांगा आणि सगळ्यांनी मिळून म्हणा की आम्हाला लूकच्या तिसऱ्या अध्यायावर संदेश हवाय. साहेबांच्या केबिनमध्ये जायचा दिवस ठरला की त्या दोघा-तिघांना आधी कळव, त्या वेळेला ते आपापल्या टेबलावर बसून तुझ्यासाठी प्रार्थना करतील. आणि मला पण कळव, सकाळी कळवलंस तर बरं, दुपारी माझा फोन बंद असतो.